बूस्टर डोसच्या दिवशी बाळाच्या बोलण्याबद्दलही विचारा




‘माझा बाबू दोन वर्षांचा झाला, पण बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही,’ असे बल्लारपुरात एखाद्या आईने बोलून दाखवले, की तिला धीर देणारे पुष्कळ भेटतात. ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ ‘पोरगे उशिराच बोलतात.’ ‘मोबाईल बंद कर, आपोआप बोलेल.’ आणि आमच्या गावात हटकून ऐकू येणारे उत्तर म्हणजे, ‘घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, अंगणवाडीत मराठी, लेकरू गोंधळून गेलं.’ सांगणारे आपुलकीनेच सांगतात. पण या दिलाशात वर्ष-दीड वर्ष निघून जाते, आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याच्या काळातले ते वर्ष असते. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. पहिलीत येईपर्यंत ज्यांना एकाही तज्ज्ञाने पाहिलेले नव्हते, अशी मुले माझ्या वर्गात बसली आहेत. म्हणून हे पत्र.

आधी भाषेचे बोलते. कागद कारखाना, कोळसा खाणी आणि रेल्वे यांच्यामुळे आपल्या गावात चार भाषांची माणसे शेजारी-शेजारी राहतात. हे गावाचे वैभव आहे. दोन भाषा ऐकत वाढणारे मूल एकेका भाषेतले शब्द थोडे कमी वापरेल, पण दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले तर ते मागे नसते. शिवाय हाकेला वळणे, चिमणी दिसली की बोट दाखवून आईकडे बघणे, खोटा-खोटा चहा पाजणे, यांना कोणतीच भाषा लागत नाही. हेच होत नसेल तर दोष तेलुगूचा नाही आणि गोंडीचाही नाही. ‘घरची भाषा बोलणे बंद करा’ हा सल्ला तर आईचे आणि लेकराचे उरलेसुरले बोलणेही तोडतो.

मग अशी मुले वेळेवर का सापडत नाहीत? योजना नाही म्हणून नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातील विलंबही त्यांनी तपासायचा असतो. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवे, याची चित्रे छापलेली आहेत.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. घरभेट पंधराव्या महिन्यात संपते. अंगणवाडीत मूल रोज बसू लागते ते तिसऱ्या वर्षी. त्याआधी त्याच्या वाट्याला येते ते वजन आणि घरी न्यायचा आहार. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे बहुतेक मुलांत दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ठळक होतात. काही मुले तर येत असलेले चार-दोन शब्दही याच वयात हरवून बसतात. म्हणजे लक्षणे दिसू लागतात तेव्हाच त्या मुलाकडे नेमाने बघणारे घराबाहेर कोणी उरत नाही. त्यातही मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या कुटुंबाचे मूल पथक आले त्या दिवशी गावात नसले, तर पुढचे सहा महिने गेलेच.

या काळात जवळपास प्रत्येक मूल सरकारी यंत्रणेसमोर एकदा मात्र येते. 16 ते 24 महिन्यांच्या वयात डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. त्याच दिवशी, त्याच सत्रात, सिस्टरने किंवा आशाताईने आईशी दहा मिनिटे बोलावे. मूल हाकेला वळते का, बोटाने वस्तू दाखवते का, नजर देते का, शब्द किती, आलेले शब्द गेले का? याच वयासाठी जगभर वापरली जाणारी वीस प्रश्नांची तयार प्रश्नावली आहे. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी चालते. तिच्यात सुदृढ मुलेही बरीच अडकतात, हे खरे. म्हणून ज्या मुलाबद्दल शंका येते त्याच्या आईला पुन्हा नीट विचारायचे आणि मगच पुढे पाठवायचे, अशी तिची पद्धतच आहे. सिस्टरने निदान करावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुढे कोणाला पाठवायचे, एवढेच तिने ठरवायचे.

‘अशी मुले असतात तरी किती?’ असे विचारले जाते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची मुले तपासली होती. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. बहिरेपण, फिट्स, स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक अडचण 2 ते 6 वयोगटात सुमारे 9 टक्के आणि 6 ते 9 वयोगटात साडेतेरा टक्क्यांहून अधिक मुलांत आढळली. चाळीसच्या वर्गात अशी पाच मुले बसतात. आपण त्यांना हट्टी, ढ, आगाऊ म्हणून ओळखतो.

तज्ज्ञांकडून तपासणी म्हणजे मुलाच्या कपाळावर शिक्का, ही भीती मी पालकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. शाळा नाव कमी करेल, उद्या बहिणीच्या लग्नाला अडचण येईल, असे ते म्हणतात. ही भीती मी खोटी ठरवत नाही. पण तपासणीत नेमके काय होते ते त्यांना कोणी समजावून सांगत नाही. आधी कान तपासतात, कारण न बोलणाऱ्या मुलाला ऐकूच येत नसेल तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. बालरोगतज्ज्ञ थायरॉईड, रक्तक्षय, फिट्स बघतात. वर्गात क्षणभर टक लावून हरवणारी मुलगी बेफिकीर असेलच असे नाही. तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि तो औषधाने आटोक्यात येतो. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. या आजारात मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन मूल अभ्यासात मागे पडू शकते, आणि बाहेरून काही दिसत नाही. मग मानसतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ मुलाशी खेळत त्याची समज, बोलणे, वागणे पाहतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय यानंतरचा, आणि तो पालकांच्या इच्छेचा. प्रमाणपत्र नको असेल त्यानेही तपासणी टाळू नये.

आता खरा प्रश्न अंतराचा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक अशी सगळी माणसे एका छताखाली असायला हवीत. आपल्याला चंद्रपूर जवळ आहे, पण मोठ्या तपासणीसाठी नागपूरचे नाव निघाले की रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक जावे लागते. ठेकेदारीवर काम करणाऱ्या बापाचा रोज बुडतो. पहिल्या खेपेला नुसती तारीख मिळाली, तर दुसऱ्या खेपेला तो जात नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या आईला तर जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चे कलम 25 सांगते, की विशेषतः ग्रामीण भागात आरोग्यसेवा जवळपास मिळावी आणि धोक्याच्या छायेतली मुले शोधण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी. ‘जवळपास’ याचा अर्थ नागपूर कसा होईल?

तज्ज्ञ इतके आहेत कुठे, असे अधिकारी म्हणतील. तज्ज्ञ कमी आहेत, हे मान्य. पण गडचिरोलीतच डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांचे संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, आणि पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. तेव्हाही लोक हेच म्हणत होते, की हे काम डॉक्टरांचे आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने सहभाग घेतलेल्या अभ्यासात, तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मुलाशी कसे बोलायचे, कसे खेळायचे हे शिकवले. मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागल्याचे त्यात दिसले. 2016 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘उपचारच नाहीत तर तपासून काय करू’ म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

माझी मागणी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. बूस्टरच्या सत्रात हे प्रश्न विचारण्याचा आदेश निघावा. जिल्हा केंद्रातल्या पथकाने महिन्यातला एक ठरलेला वार बल्लारपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तसाच एक वार सिरोंच्यात बसावे, आणि तो वार प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेला असावा. कान तपासण्याची सोय त्याच दिवशी तिथेच हवी. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही त्या दिवशी तिथे बोलवावे, म्हणजे मूल शाळेत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

हे होईपर्यंत पालकांनी मात्र थांबू नये. शंका आली की मुलाचे नेहमीचे खेळणे-वागणे फोनवर टिपून ठेवा, बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद एका पिशवीत घाला, आणि अंगणवाडीताईकडून बाल स्वास्थ्य पथकाची पुढची तारीख काढून घ्या. ती लांबची असेल तर सरळ चंद्रपूरच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात जा आणि आधी कान तपासून मागा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बल्लारपूर