दुसऱ्याचा कोड वाचताना

या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एक काळजी वारंवार दिसते. मुलगा किंवा मुलगी बी.सी.ए. नाहीतर इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागते. महिना होत येतो, घरी कोणी विचारले की उत्तर ठरलेले : "अजून काही लिहिलं नाही, नुसतं वाचतोय." अम्मीला वाटते कामच दिलेले नाही. अब्बांना वाटते पोराला जमत नाही, आता काढून टाकतील. मुलाच्या मनातही तीच भीती असते, फक्त तो बोलून दाखवत नाही.

आधी आई-वडिलांसाठी : वाचणे हेच काम आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत नवे लिहिण्यापेक्षा आधीचे समजून घेण्यात जास्त वेळ जातो, आणि नव्या माणसाचा तर जवळजवळ सगळाच.

पण मुलाची भीती खोटी नसते. कॉलेजात तीन-चार वर्षे प्रोग्राम लिहायला शिकवतात. चाळीस-पन्नास ओळींचा, कोऱ्या पानावर, पूर्ण स्वतःचा. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला सहसा कोणी शिकवत नाही, परीक्षेत त्याला गुण नसतात. आमच्या मते अभ्यासक्रमातली ही मोठी उणीव आहे. कारण नोकरीत पहिल्याच दिवशी हाती पडतो तो दुसऱ्यांचाच कोड. लाखो ओळी, हजारो फायली, आणि लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण केव्हाच नोकरी सोडून गेलेले.

मुले तो पुस्तकासारखा वरून खाली वाचायला बसतात आणि इथेच अडतात. एका ओळीत एखाद्या फंक्शनचे नाव येते. फंक्शन म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा, नाव दिलेला तुकडा. तो भलत्याच फाईलमध्ये असतो, त्याच्या पोटात तिसऱ्याचे नाव असते. मूल ही फाईल बंद करते, ती उघडते, डोळे ताणून शोधते, आणि सापडेपर्यंत आपण मुळात कशासाठी निघालो होतो हेच विसरते. बुद्धी कमी पडलेली नसते, हातातला धागा सुटलेला असतो.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी सी-टॅग्ज नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळ्या फायली एकदा चाळतो आणि एक सूची बनवतो. सूचीच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : फंक्शनचे नाव, ते कोणत्या फाईलमध्ये आहे, आणि फाईलमधली जागा ओळखायची खूण. ही खूण बहुधा ओळीचा क्रमांक नसते, त्या ओळीतला मजकूरच असतो. कारण साधे आहे. उद्या कोणी वर दहा ओळी घातल्या की क्रमांक चुकतो, मजकूर मात्र तोच राहतो. पत्ता सांगताना "डावीकडून सातवे घर" म्हणण्याऐवजी "हिरव्या दरवाज्याचे घर" म्हणावे तसे. सूची अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते, त्यामुळे शब्दकोशात शोधावे तितक्या झटपट नाव सापडते.

बर्कलीतच बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय या एडिटरला ही सूची वाचता येत असे. त्याचा आजचा वारस व्हिम, नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केलेला. (व्हिम फुकट आहे. तो उघडला की पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती येते. मोलेनार यांनी मोबदला मागितला तो एवढाच. २०२३ मध्ये ते गेले, विनंती अजून येते.) व्हिममध्ये कर्सर नावावर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबला की आपण थेट त्या फंक्शनपाशी पोहोचतो. कंट्रोल आणि टी दाबले की जिथून निघालो तिथे परत.

आम्ही भर देऊ तो या दुसऱ्या कळीवर. उडी मारणे मुले पटकन शिकतात, परतणे शिकत नाहीत. एडिटर प्रत्येक उडी लक्षात ठेवतो. एकावर एक रचलेल्या ताटांप्रमाणे शेवटचे ताट आधी निघते. पाच उड्या खोल गेलात तरी पाच वेळा परतून मूळ ओळीवर येता येते. धागा डोक्यात धरून ठेवण्याचे ओझे यंत्र उचलते, आणि डोके विचार करायला मोकळे राहते.

आज बहुतेक मुले व्हीएस कोड वापरतात. विंडोजवर तिथे एफ १२ ने जाता येते, आल्ट आणि डाव्या बाणाने परतता येते. त्यामागची यंत्रणा नवी आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या एका पद्धतीनुसार, प्रत्येक भाषेचा जाणकार प्रोग्राम वेगळा चालतो आणि कोणताही एडिटर त्याला प्रश्न विचारू शकतो. ती जास्त हुशार आहे, पण जास्त मेमरी मागते. घरात जुना, मंद लॅपटॉप असेल तर सी-टॅग्ज आणि व्हिमची जोडी आजही छान चालते.

"हे फंक्शन कुठे आहे?" हा पहिला प्रश्न झाला. नोकरी सांभाळायची तर दुसरा अधिक महत्त्वाचा : "याला बोलावते कोण?" तुम्ही एका फंक्शनमध्ये बदल केला आणि ते आणखी बारा ठिकाणी वापरले जात असेल, तर बाराही ठिकाणी परिणाम होणार. नव्या मुलांवर रागावण्याची वेळ येते ती बहुधा अशाच बदलामुळे. सी-टॅग्जच्या सूचीत याचे उत्तर नसते. बेल लॅब्जमध्ये ज्यो स्टेफन यांनी लिहिलेला सी-स्कोप ते देतो. २००० पासून तोही सर्वांना खुला आहे. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट आणि एफ १२ दाबावे. आमचा आग्रह आहे की काहीही बदलण्याआधी ही यादी एकदा पाहावीच.

यंत्राला सगळे कळते असे मात्र समजू नये. लिनक्सच्या गाभ्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत. त्यात फाईल वाचण्याचे काम शोधत गेलात तर दोन-तीन उड्यांत व्हीएफएस-रीड नावाच्या फंक्शनपाशी पोहोचाल. पुढे वाट फुटते. फाईल हार्ड डिस्कवर आहे की पेन ड्राईव्हवर, कोणत्या पद्धतीने साठवलेली आहे, यावर पुढचे फंक्शन प्रोग्राम चालू असताना ठरते. सूची तिथे एकच दार दाखवू शकत नाही. अशा जागी वही काढून शक्यता लिहाव्यात आणि वरिष्ठांना विचारावे. "मला काहीच कळत नाही" आणि "इथपर्यंत आलो, पुढे तीन वाटा दिसतात, आपली कोणती?" या दोन प्रश्नांत फार फरक आहे. दुसरा ऐकणाऱ्याला मूल काम करते आहे हे लगेच कळते.

सरावासाठी एवढा अवाढव्य कोड नको. लुआ ही ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली छोटी भाषा आहे. तिचा संपूर्ण सोर्स कोड ५०० केबीहून कमी डाऊनलोडमध्ये मिळतो, आणि एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. त्यात लुआ डॉट सी ही फाईल उघडावी. प्रोग्रामची सुरुवात, म्हणजे मेन हे फंक्शन, फाईलच्या अगदी शेवटी सापडेल. वरून खाली वाचणाऱ्याला ती सर्वांत उशिरा भेटली असती. तिथून निघून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे : चुकीचा प्रोग्राम दिला तर चुकीचा संदेश कोणत्या ओळीत छापला जातो? रोज अर्धा तास, प्रत्येक उडी वहीत टिपून. वाटेत रिपोर्ट नावाचे फंक्शन लागेल. तिथे थांबून त्याला कोण कोण बोलावते ते मोजावे.