मे महिन्यात बागेत काय पाहायचे?

बागेचा इतिहास शिकण्यासाठी कुणी पदव्युत्तर विद्यार्थी उन्हाळ्याची सुट्टी खर्ची घालतो, हे आपल्याकडे सांगितले तर ऐकणारा आधी हसेल आणि मग नोकरी कुठे लागते ते विचारेल. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या डंबार्टन ओक्समध्ये मात्र असे विद्यार्थी उन्हाळ्यात येत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या घडणीची १९४४ सालची बोलणी झाली तीच ही वास्तू. ब्लिस दांपत्याने ती १९२० मध्ये विकत घेतली, बिअ‍ॅट्रिक्स फॅरंड यांच्याकडून बाग आखून घेतली आणि १९४० मध्ये घर, ग्रंथसंग्रह, बाग असे सगळेच हार्वर्ड विद्यापीठाला देऊन टाकले. उद्यान आणि भूदृश्य यांचा अभ्यास हा आज त्या संस्थेच्या तीन मुख्य विषयांपैकी एक आहे. विद्यार्थ्याला काही आठवडे विद्यावेतन आणि ग्रंथालय मिळते. कागदातून डोके वर काढले की समोर बाग असतेच.

फॅरंडबाईंनी तिथे एक शहाणपणाचे काम करून ठेवले. कोणत्या जागी काय लावले आणि का, ते झाड गेले तर त्या जागी काय शोभेल, कुठे किती छाटायचे, हे सारे त्यांनी लिहून ठेवले; १९८० मध्ये ते छापलेही गेले. देवळाचा दगड राहतो. झाड मात्र मरते, माळी बदलतो, आणि नव्या साहेबाला हिरवळ आवडली की दोनशे वर्षांची बाग एका हंगामात जाते.

आपल्याकडे असे काय आहे, हा प्रश्न पुण्याने तरी विचारू नये. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, विश्रामबाग: नावे मोजत बसावीत आणि तुळस शोधायला जावे, तर मिळतात बांगड्या आणि स्टीलची भांडी. सारसबागेतल्या गणपतीला जुनी माणसे अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळे बुजले, पण बोलीने त्याची नोंद ठेवली. दख्खनच्या बागांवरचा एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ २०१२ मध्ये आला. त्याचे संपादक दाऊद अली आणि एमा फ्लॅट, दोघेही परदेशी विद्यापीठांतले. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची फराहबाग त्यांच्यापेक्षा आपल्याला जवळ आहे.

आपल्या विद्यापीठांनी डंबार्टन ओक्ससारखा उन्हाळी वर्ग सुरू करावा, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: मे महिन्यात बागेत पाहायचे काय? पाचोळा? होय, पाचोळाच. २०१८च्या कडक उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ येथे हिरवळ करपली आणि तिच्याखालचे १६९९ सालच्या बागेचे वाफे, वाटा असे वर उमटले की जणू कुणी नकाशाच अंथरला. ऊन हे या विषयाचे साधन आहे. फराहबाग १५८३ मध्ये पुरी झाली, तीही तलावाच्या मधोमध. तिथे पाणी कुठून यायचे, त्याचा उतार कसा धरला होता, हे श्रावणातल्या कमरेएवढ्या गवतात कुणाला दिसणार? छत्रपती संभाजीनगरच्या नहरींचे हवा सोडायचे उसासे, बीबी का मकबऱ्यातल्या चारबागेचे पाट, कात्रजहून शनिवारवाड्याच्या हजारी कारंज्यापर्यंत आलेला पेशव्यांचा नळ, हे सगळे समजून घ्यायचे ते रान वाळलेले असताना. आपली बाग ही आधी पाण्याची रचना, फुले नंतर. आणि पाण्याची किंमत कळायला मे महिन्याइतका चांगला गुरू नाही.

एकट्या वास्तुकलेच्या महाविद्यालयाने हे होणार नाही. मोडी वाचणारा एक, फारसी जाणणारा एक, झाडे ओळखणारा एक आणि लेव्हल लावता येणारा एक, एवढी माणसे एका झाडाखाली बसली पाहिजेत. सकाळी सहा ते दहा जागेवर, दुपारी दफ्तरात. दहा विद्यार्थी, चार आठवडे. राज्यातल्या एखाद्या तरी विद्यापीठाने येत्या मे महिन्याची तारीख आताच जाहीर करावी. पावसाची चार नक्षत्रे पडली की गवत पुन्हा सगळे झाकून टाकते.