न वापरलेल्या विजेचे मोल

उर्वरित महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत असताना २००६ मध्ये पुणे शहराची त्यातून सुटका झाली. तुटवडा नाहीसा झाला नव्हता; सर्वाधिक मागणीच्या तासांत तो सुमारे ९० मेगावॉटचा होता. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने कारखान्यांनी त्या वेळी आपली डिझेल जनित्रे चालविली आणि त्यांच्या वाट्याची वीज शहराला मिळाली. डिझेलचा जादा खर्च ‘रिलायबिलिटी चार्ज’ म्हणून ग्राहकांकडून वसूल करण्यास राज्य वीज नियामक आयोगाने मान्यता दिली. महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना त्यातून वगळण्यात आले.

येथे हिशेब सोपा होता, कारण डिझेलचे बिल दाखविता येते. वापर थांबविण्याचे बिल मात्र कोणी फाडत नाही. तरीही कोणत्या तासाला कोणते वीजकेंद्र चालवायचे, हे ठरविणारी संगणकीय गणिते मागणीतील कपातीकडेही एक वीजकेंद्र म्हणूनच पाहतात आणि तिला युनिटमागे ठरावीक दर लावून मोकळी होतात. ही सोय फसवी आहे. वितळविण्याच्या भट्टीला आदल्या दिवशी कळविले, तर पाळी बदलता येते. ऐन वेळी वीज तोडली, तर धातू भट्टीतच गोठतो. कपातीचे मेगावॉट दोन्ही वेळा तेवढेच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. शीतगृह तासभर बंद ठेवणे जवळजवळ फुकट पडते, पण नंतर तेच यंत्र अधिक वीज ओढते. ही परतफेड गणितात धरली नाही, तर सायंकाळचा तुटवडा कागदावर मिटतो आणि रात्री पुन्हा उभा राहतो. शिवाय पहिली कपात स्वस्त, पुढची महाग. महिन्यात एकदा केलेली विनंती मान्य होते, रोजची नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौरतासांतील वीजदर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्याचे बंधन घातले. सर्वाधिक मागणीच्या वेळचा दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान २० टक्के, तर इतरांसाठी किमान १० टक्के चढा ठरला. शेतकरी वगळण्यात आले. दिशा योग्यच आहे; पण हे आकडे सर्वांना सरसकट लागू होतात. भट्टीवाला, शीतगृहवाला आणि सायंकाळी कामावरून परतून कुकर लावणारे कुटुंब यांना वापर पुढे ढकलण्याची किंमत वेगवेगळी मोजावी लागते. स्मार्ट मीटर केवळ किती युनिट आणि केव्हा, एवढेच सांगतो. कोणाची किती गैरसोय झाली, हे ग्राहकालाच विचारावे लागेल.