मुलीला ‘साध्या’ शाळेत घातलं, त्याबद्दल



दिवाळीच्या मागेपुढे पुण्यातल्या खासगी शाळांचे नर्सरीचे फॉर्म निघायला लागतात आणि चार बायका जमल्या की विषय तोच. कुणाला मिळालं, कुणाचं ओळखीनं झालं, कुणाचा वेटिंगला कितवा नंबर. माझी मुलगी आता चौथीत आहे. मोठ्या नावाच्या शाळेत प्रवेश मिळत असताना आम्ही तिला घरापासून पंधरा मिनिटांवरच्या, फारसं नाव नसलेल्या खासगी शाळेत घातलं. यावर मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्न ठरताना मिळाले नव्हते. “फी भरायची ऐपत आहे, मग मुलीचं नुकसान कशाला करताय?” असं जवळच्या नात्यातल्या एका बाईंनी तोंडावर विचारलं. मुलगी शेजारीच उभी होती.

तेव्हा मी गप्प बसले, कारण मोठ्या माणसांशी वाद नको. इथे मात्र लिहिते.

मोठ्या शाळेचा मोठेपणा दाखवायला सगळ्यांकडे एकच पुरावा असतो, दहावीचा शंभर टक्के निकाल. गेटवर फ्लेक्स, त्यावर नव्वदच्या पुढच्या मुलांचे फोटो. पण हा निकाल बनतो कसा ते बघा. निम्मं काम प्रवेशाच्या दारातच उरकलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही, लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा मात्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. म्हणून चाळणी तीन वर्षांच्या पोरांपुढे नेऊन ठेवली आणि तिला ‘इंटरॅक्शन’ असं गोड नाव दिलं. मुलानं रंग ओळखायचे, आईनं स्वतःचं शिक्षण सांगायचं, घरी कोणती भाषा बोलता तेही सांगायचं. ज्या घरात वेळ, पैसा आणि इंग्रजी आधीपासून आहे त्या घरची मुलं आत घ्यायची, असा हा सरळ हिशेब.

उरलेली चाळणी नववीत लागते. कच्च्या मुलाच्या आईला बोलावून सांगतात, “१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा, त्याच्यावर ताण नको.” आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाचं असं झालं. नर्सरीपासून त्या शाळेची फी भरली आणि दहावीच्या निकालात तो मुलगा त्या शाळेचा नाहीच! मधली वर्षं शिकवलं कुणी? संध्याकाळच्या क्लासनं. आधी निवडलेली, मधे क्लासला जाणारी आणि शेवटी गाळून उरलेली मुलं पास झाली, तर त्यात शाळेनं शिकवलं किती, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि हे सगळं चालतं कुणाच्या जिवावर? आपल्या. रात्री अकराला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी रंगवणारी आईच असते. युनिट टेस्टच्या आठवड्यात स्वयंपाकघरात पाढे घेणारी तीच, आणि सहा वाजता बसला मूल नेऊन सोडणारीही तीच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त कुरकुर आयांनीच केली, की मग क्लासला वेळ कधी उरणार! डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुसरीतलं मूल क्लासहून साडेसातला येतं. ज्या घरात तीन पिढ्या दिवसाउजेडी जेवल्या, तिथे ते लेकरू आता साडेआठला डोळे मिटत भात गिळतं. रविवारची पाठशाळा बुडते, कारण ऑलिम्पियाडचा सराव असतो. या गोष्टी कुणी फीच्या पावतीत लिहीत नाही.

दप्तराच्या ओझ्यावर आपण पुष्कळ बोलतो. प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं, की पाठीवरच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त वाईट. माझ्या भाचीला सातवीत अपूर्णांकांचा भागाकार भराभर येतो. तो उलटा का करायचा हे विचारलं तर म्हणते, “मावशी, ते परीक्षेला नसतं.”

मग म्हणतात, पुढे स्पर्धा आहेच, सवय नको का? अहो, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन असतो, तिथे दहावीचे मार्क बघतात, शाळेचं नाव नाही. शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज असेल तर इन-हाउस कोट्याचा फायदा मिळतो, तेवढा खरा. जेईई, नीटचा पेपर तपासताना तर शाळा कुणी विचारत नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसना सांगितलं, की सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका. ज्यांचं पोटच स्पर्धेवर चालतं त्यांना सोळाव्या वर्षापर्यंत थांबायला सांगितलं आणि आपण तिसऱ्या वर्षी लेकराला रांगेत उभं करतो.

खरं कारण वेगळं आहे आणि ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेचं नाव आपण दागिन्यासारखं घालतो. लग्नाच्या बायोडाटातसुद्धा ते पहिल्या तीन ओळींत येतं.

आपल्या समाजाच्या ट्रस्टच्या शाळांबद्दलही बोलायलाच हवं. जैन समाजाला २०१४ मध्ये केंद्रानं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणजे चाळणीवरचा दंडसुद्धा आपल्या शाळांना नाही. अशा वेळी ट्रस्टवरच्या मंडळींनी, ज्यांना आपण देणगी देतो त्यांनी, समाजातल्या हळू शिकणाऱ्या मुलाला पहिलं दार उघडायला हवं. तिथेही ‘रिझल्ट खराब होईल’ हेच ऐकायला मिळणार असेल तर पुढच्या देणगीच्या वेळी आपणही थोडं मोकळेपणानं बोलू या.

आता आमच्या शाळेबद्दल. मैदान लहान आहे. गॅदरिंगला माइक दरवर्षी बंद पडतो. इंग्रजी बोलण्यात मुलं थोडी बुजतात, त्यासाठी घरी रोज एक पान मोठ्यानं वाचून घेते. साधी शाळा म्हणजे चांगलीच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. काही नुसत्या ढिसाळ असतात, आणि काही ‘नो प्रेशर’ची पाटी लावून दुप्पट फी घेतात. मी तीन गोष्टी बघितल्या. पाचवीच्या पाच मुलांच्या वह्या मागितल्या. पाचही वह्यांत एकच उत्तर शब्दन्‌शब्द असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं असतं. आमच्याकडे उत्तरं वेगवेगळी होती, दोन चुकीचीही होती. लायब्ररीतली पुस्तकं हाताळून फाटलेली होती, हे मला फार आवडलं. आणि वर्गशिक्षिका तिथे नऊ वर्षं टिकून होत्या. पगार वेळेवर होत असणार, असा मी त्याचा अर्थ लावला!

या महिन्यात तुमच्यापैकी पुष्कळजणी फॉर्म आणायला जाल. खिडकीवरच्या मॅडमना एवढंच विचारा, “गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि दहावीला तुमच्या शाळेतून किती बसली?” आकडे सांगितले तर पुढचं बोलणं करा. “असं कुणी विचारत नाही” म्हणाल्या, तर फॉर्मचे पैसे वाचवून घरी या.