अरे, गंमत केली रे!

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सबमिशनइतकंच ओळखीचं झालेलं एक वाक्य म्हणजे, "अरे, गंमत केली रे, एवढं काय मनाला लावून घेतोस?"

हे वाक्य कोण कोणाला म्हणतं ते आठवून बघा. मणिपूर किंवा मिझोरामहून आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात नाव चिकटतं - चिंकी, चायनीज, मोमो. आफ्रिकेतून आलेल्याला जे चिकटतं ते इथे लिहिण्यासारखंही नाही. चौघं हसतात, मग तोही हसतो. तो हसला म्हणजे त्याला चालतं, हा आपला निष्कर्ष. आमच्या धंद्यात याला एरर लॉग बंद करून "सिस्टीम मस्त चाललीय" म्हणणं म्हणतात.

बरं, वंशभेद आपल्याला कळत नाही असंही नाही. २२ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत, कॅन्ससमधल्या ओलेथा इथे, श्रीनिवास कुचीभोतला या भारतीय इंजिनिअरचा एका गोऱ्या माणसानं गोळी घालून खून केला. मी तेव्हा कॉलेजात होतो. जीआरईची तयारी करणारी अर्धी पोरं हादरली होती, कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. महिनाभरानं, २७ मार्चला, ग्रेटर नोएडात जमावानं आफ्रिकन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं. त्यावर आमच्या वर्गात एक अक्षर नाही! आमच्याच बाकांवर दोन आफ्रिकन मुलं बसत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या विषयावर वर्गात उघडपणे बोललं पाहिजे. यावर ठरलेलं उत्तर येतं, "कशाला उगाच फूट पाडायची? आम्ही कोणाचा रंग-बिंग बघत नाही." ठीक आहे. मग एकदा त्या मुलाबरोबर भाड्याची खोली शोधायला जा आणि कोण काय बघतं ते बघा. आणि मुंबईत कुणी "घाटी" म्हटल्यावर आपल्याला किती गंमत वाटते, तेही आठवा.

न बोलण्याची किंमत असते. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुण्याहून हजारो जण गाड्या भरून गुवाहाटीकडे निघाले. सरकारला एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर बंदी घालावी लागली. त्या गर्दीत कितीतरी विद्यार्थी होते. "जाऊ नकोस, माझ्या घरी ये राहायला" असं म्हणणारा वर्गमित्र त्यातल्या किती जणांना होता?

पुढे २९ जानेवारी २०१४ ला दिल्लीत लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं कायद्यातल्या बदलांबरोबरच ईशान्येचा इतिहास शिकवायची शिफारस केली. २०१७ मध्ये एनसीईआरटीनं एक पूरक पुस्तकही काढलं. चांगलं झालं. पण पुस्तक कपाटात राहू शकतं, वर्गात समोरासमोर बसावं लागतं.

आता बोलायचं कसं? इथेच बहुतेक सर-मॅडम घोळ घालतात. त्या एकट्या मुलाला उभं करतात, "हां, तू सांग, तुला इथे कसं वाटतं?" तो बिचारा "फाइन सर" म्हणून खाली बसतो. तो शिकायला आलाय, आपल्याला शिकवायला नाही. प्रश्न बाकीच्या एकोणसाठ जणांना विचारायचा - आपण कोणाला काय नावं ठेवतो, ती आली कुठून? बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घ्या हवं तर. त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल, नाही वाटलं तरी त्याचं काही अडायला नको.

दुसरं, कोड रिव्ह्यूत आपण कोडवर बोलतो, लिहिणाऱ्याच्या खानदानावर नाही. तसंच इथे. "तू वंशद्वेष्टा आहेस" म्हटलं की समोरचा स्वतःची वकिली सुरू करतो. "हा शब्द बंद, आणि तो का ते सांगतो" म्हटलं तर निदान ऐकतो. पण रिव्ह्यू झाला तरी बग कुणीतरी फिक्स करावाच लागतो! धमकी, मारहाण झाली तर चर्चासत्र नको, सरळ तक्रार आणि कारवाई. गप्पा हा कारवाई टाळायचा मार्ग होता कामा नये.

आणि हे सगळं काही घडायच्या आधी. पहिल्या वर्षाला एआयसीटीईनं तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम ठरवून दिलाय. त्यातला एक तास याला द्यायला काय हरकत आहे?

आपल्यातले बरेच जण आपापल्या कॉलेजात गेस्ट लेक्चर द्यायला जातात. रेझ्युमे कसा लिहावा हे पोरांना यूट्यूबवरही कळतं. पुढच्या वेळी त्यातली दहा मिनिटं यासाठी काढा. पोरं सीनियरचं ऐकतात, निदान प्लेसमेंट होईपर्यंत तरी :)