पुलाला टक्के नसतात

दिवाळीच्या फराळाला टक्के असतात. पन्नास करंज्या करायला घेतल्या आणि चाळीस तळून झाल्या, तर फराळ ऐंशी टक्के झाला असे म्हणायला कोणत्याही गृहिणीची हरकत नसते. तेवढ्यात पाहुणा दारात उभा राहिला, तर झालेल्या चाळीसांतल्या दोन बशीत घालून त्याचे स्वागत करता येते. पण जगात काही वस्तू अशा आहेत की त्यांना टक्के नसतात. चाळीस हात खोल विहिरीला पस्तीस हात दोर बांधला, तर पाच हातांपुरतीच तहान उरते असे नाही, सगळीच उरते. पूल हा या दुसऱ्या जातीतला आहे.

तरीही वर्तमानपत्र उघडावे तो बातमी असतेच : अमुक नदीवरील पुलाचे काम सत्तर टक्के पूर्ण, तमुक बाह्यवळण रस्त्याचे काम ऐंशी टक्के पूर्ण. वाचून आपण समाधानाने पान उलटतो. ऐंशी टक्के म्हणजे शाळेच्या हिशोबाने विशेष प्रावीण्यच की! परंतु त्या पुलावरून ऐंशी टक्के माणसे पलीकडे जात नाहीत. एकही जात नाही.

हे माझ्या ध्यानात आले ते जिंतूरच्या वाटेवर. माझी थोरली बहीण जिंतूरला असते, त्यामुळे भाऊबीजेला मला तिकडे जावे लागते. जिंतूर हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी, चारठाण्याची जुनी देवळे आणि पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण ही या तालुक्याची दौलत. रेल्वे मात्र गावाला नाही. परभणीला गाडीतून उतरायचे आणि पुढचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एसटीच्या स्वाधीन व्हायचे. रेल्वे नसलेल्या गावाला रस्ता म्हणजे नुसती सोय नव्हे. बाजार, दवाखाना, कॉलेज, माहेर सगळे त्याच एका धाग्याला बांधलेले असते.

मागे काही वर्षे या परभणी-जिंतूर रस्त्याचे काम रेंगाळले होते. त्या काळातली एक खेप मला चांगली आठवते. रस्त्याचे एक अंग खणून ठेवलेले, दुसऱ्या अंगावर मुरूम, मध्येच सिमेंटचा गुळगुळीत पट्टा, त्यावर गाडी चार मिनिटे धावते न धावते तो पुन्हा खड्ड्यात. नाल्यानाल्यांवर नव्या मोऱ्या उभ्या होत्या, पण त्यांना रस्ता मिळालेला नव्हता. गाड्या शेजारच्या कच्च्या वळणावरून उतरत आणि चढत. माझ्या शेजारी एक म्हातारबाबा होते. ते म्हणाले, “अर्धा झाला म्हणतेत, बाबा. मंग ह्यो आपुन चाललोय तो कोणता अर्धा?”

या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीत कोणाजवळच नव्हते.

पुढे एका गावाजवळ चाक पंक्चर झाले आणि आम्ही सगळे एका हॉटेलात चहाला उतरलो. गावाबाहेरून बायपास जाणार म्हणून शेतांत खुणेचे दगड रोवलेले दिसत होते. मी मालकाला सहज म्हटले, “बायपास झाला म्हणजे तुमच्या धंद्यावर परिणाम होणार.” तो कपबशा विसळता विसळता म्हणाला, “व्हायचा तर होऊ द्या की एकदाचा. म्या तिकडच्या तोंडाशी टपरी टाकीन. पर नक्की कोणी सांगत न्हाई. इथं पत्रे बदलावेत का नको, पोराला दुकान घालून द्यावं का नको, काही उमगंना. दगड रोवून गेलेत, त्या पट्ट्यात भाऊ विहीर पाडंना, आन् इकडं मी भिंत बांधंना.”

बायपासने गावाचे नुकसान होते की फायदा, यावर शहरात परिसंवाद झडतात. त्या हॉटेलवाल्याच्या लेखी तो प्रश्न केव्हाच मागे पडला होता. फायदा झाला असता तरी तो निभावला असता, नुकसान झाले असते तरी निभावला असता. त्याला जाचत होते ते अर्धवटपण. अर्धवट राहिलेले काम नुसते रस्ताच अडवत नाही. ते आजूबाजूच्या माणसांचे संसार अडवून धरते.

जिंतूरला पोहोचल्यावर हा विषय मी दाजींपुढे काढला. दाजींची उभी हयात बांधकामावर मुकादमी करण्यात गेली आहे. ते हसले आणि म्हणाले, “पाहुणे, तुम्ही वर बघता. काम खाली असतं.”

मग त्यांनी मला जे समजावले ते थोडक्यात सांगतो. परभणी भागातली जमीन म्हणजे काळी कापसाची माती. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. कापसाला ती आईसारखी, पण रस्त्याची वैरीण. अशा मातीवर नुसती खडी पसरून डांबर ओतले, तर दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा होतो. म्हणून ती माती खोदून काढावी लागते किंवा तिच्यात चुना मिसळून तिचा स्वभाव बदलावा लागतो. वर मुरूम भरून, पाणी मारून, रूळ फिरवून ती थराथराने दाबावी लागते. या कामाला दिवस जातात आणि ते पाहणाऱ्याला दिसत नाही.

पुलाचेही तसेच. आधी नदीच्या पोटात भोके पाडून खडक किती खाली आहे हे पाहायचे. मग पाया, पायावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर स्लॅब. काँक्रीटची ताकद अजमावायची तर त्याचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडून पाहायचे. पाण्यातले काम पावसाळा संपल्यावर धरायचे आणि पुढच्या पावसाआधी वर काढायचे. एवढे सगळे होते, खांब उभे राहतात, लोक फोटो काढतात आणि वर्तमानपत्रात ‘ऐंशी टक्के’ छापून येते.

“आणि मग अडतं कुठं?” मी विचारले.

“जोडरस्त्याला,” दाजी म्हणाले. “नदी सरकारची, पण नदीचे काठ कोणाचे? शेतकऱ्याचे. मोबदल्याचा वाद पडतो, एखाद्या गटाची मोजणी राहते, मध्ये विजेचा खांब येतो. पूल हवेत आणि माणसं खाली.”

नव्या पुलावर चढताना गाडी दाणकन् का आदळते, तेही त्यांनी सांगितले. पूल खडकावर उभा असतो, तो हलत नाही. जोडरस्ता भरावावर असतो आणि भराव हळूहळू बसतो. घाईघाईने भरला तर जास्तच बसतो. म्हणजे शेवटचा तुकडा हा नुसता शिल्लक राहिलेला तुकडा नव्हे. पुष्कळदा तोच सर्वांत नाजूक असतो.

दाजींचे हे बोलणे ऐकताना मला कोल्हापूर आठवले. तिथे पंचगंगेवर ब्रिटिश अमदानीतला शिवाजी पूल आहे. त्याला पर्याय म्हणून शेजारीच नवा पूल बांधायला घेतला. तो बहुतांशी उभाही राहिला. पण जवळच ब्रह्मपुरीची संरक्षित पुरातन टेकडी आहे आणि अशा स्थळाच्या लगत नवे बांधकाम करायला कायद्याने मनाई. त्यामुळे २०१५ पासून काम थांबले. वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू राहिली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस त्या जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि तेरा माणसे गेली. त्यांच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, ‘बहुतांशी पूर्ण’ झालेला पूल अंधारात उभा होता. तो खुला झाला २०१९ साली.

पुरातन टेकडी जपू नये असे मी म्हणत नाही. माणसेही जपली पाहिजेत. पण दोहोंचा मेळ कसा घालायचा हे पहिला खांब घालण्याआधी ठरवायचे असते.

बाह्यवळण रस्त्यांचीही हीच कथा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. चौपदरी रस्ता पुष्कळ ठिकाणी तयार झाला. पण रायगड जिल्ह्यातल्या इंदापूर आणि माणगाव या दोन गावांचे बाह्यवळण रस्ते वर्षानुवर्षे रखडले. त्यामुळे कित्येक गणपतींत चाकरमान्यांची वरात मोठ्या रस्त्याने भरधाव यायची आणि माणगावच्या बाजारपेठेत येऊन तासन् तास तिष्ठत बसायची. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी, तसा महामार्गाचा वेग त्याच्या न झालेल्या तुकड्याइतका.

यावर कोणी म्हणेल, मोठी कामे आहेत, वेळ लागायचाच. लागतो, हे खरे. पण महाडची गोष्ट पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या व एक मोटार गेली. साऱ्या महाराष्ट्राचा जीव हळहळला. त्याच ठिकाणी नवा पूल बांधायला घेतला आणि तो १६५ दिवसांत पुरा झाला. ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. नदी तीच, पाऊस तोच, देशही हाच. तेव्हा आपल्याला पूल बांधता येत नाहीत असे नाही. शेवटचा तुकडा अडू द्यायचा नाही असे सर्वांनी मिळून ठरवावे लागते, एवढेच. आणि ते ठरवायला इतकी माणसे जावी लागली, हे मनाला लागून राहते.

दाजी या ठिकाणी मला येलदरीकडे घेऊन गेले, म्हणजे बोलण्यात. येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. “धरणवाल्यांचा एक शब्द आहे बघा,” ते म्हणाले, “घळभरणी. बांध दोन्ही काठांनी वाढवत आणायचा, आणि मध्ये नदीला जायला घळ ठेवायची. सगळ्यात शेवटी, एकाच उन्हाळ्यात, ती घळ भरायची. अर्धी भरून ठेवता येत नाही. पाऊस आला की वाहून जाते.”

त्या शब्दाने मला बरेच काही समजले. धरणाला मुदत घालून देणारी नदी असते. ती मुदतवाढ देत नाही आणि खुलासाही मागत नाही. रस्त्याला आणि पुलाला अशी धमकी देणारे कोणी नाही. पुलाचा शेवटचा तुकडा पाच वर्षे राहिला तरी पूल वाहून जात नाही. तो मुकाट्याने उभा राहतो. वाहून जातात ती जुन्या पुलावरची माणसे, आणि त्यांची नोंद पुलाच्या खात्यात पडत नाही.

मात्र मुदत पाळायची म्हणजे आंधळी घाई करायची असेही नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले, ते पाण्याच्या निकासाचे काम अपुरे असतानाच धरणात पाणी चढले म्हणून. शेवटचा तुकडा टाळणे जितके वाईट, तितकेच तो कसाबसा उरकणेही वाईट. दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती असते : मोठे ते झाले, आता एवढेसे काय ते राहिले!

वाचकहो, रस्ते आणि पूल आपण कोणी बांधत नाही. पण त्यांविषयी प्रश्न आपणच विचारतो, आणि जसा प्रश्न तसे उत्तर मिळते. ‘किती झाले?’ असे विचारले की टक्के मिळतात. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी विचारायला काय हरकत आहे? कोणता तुकडा राहिला आहे? तो कोणाच्या टेबलावर अडला आहे? आणि कोणत्या पावसाळ्याआधी तो भरला जाणार आहे? ग्रामसभेत विचारा, नगरपालिकेत विचारा, मते मागायला दारात येणाऱ्यांना चहा देऊन विचारा. टक्केवारी सांगणारा माणूस या प्रश्नांनी जरा अडखळेल. अडखळू द्यावा. एसटीतले म्हातारबाबा त्या रस्त्यावर रोजच अडखळत होते.