नोबेल मिळालेली 'छिद्रं' आणि भोर-वेल्ह्याच्या कातळातले पांढरे ठिपके

भोरहून वरंधा घाटाकडे जाताना किंवा वेल्ह्यात तोरण्याची वाट चढताना काळ्या कातळात कुठे कुठे पांढरे ठिपके दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, तेव्हा वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यात झिरपलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले. सह्याद्रीतल्या अशा स्फटिकांचा एक मोठा गट म्हणजे झिओलाइट.

या दगडाचं वैशिष्ट्य काय?

झिओलाइटच्या आत रेणूंच्या मापाची छिद्रं असतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघाली. म्हणून त्याचं नाव पडलं 'उकळणारा दगड'.

ऑक्सिजनशी याचा काय संबंध?

कोरोनाकाळात रुग्णालयांत बसवलेले ऑक्सिजन प्लांट झिओलाइटवरच चालतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाब वाढवला की तो झिओलाइटला चिकटतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि तेच झिओलाइट पुन्हा वापरता येतं.

मग डोंगरातला दगड का चालत नाही? कारण प्लांटला सारख्या मापाच्या छिद्रांचं, शुद्ध आणि कारखान्यात बनवलेलं झिओलाइट लागतं. मे २०२१ मध्ये हे झिओलाइट रोमहून विमानाने बेंगळुरूला आणावं लागलं होतं.

नोबेल कशासाठी?

निसर्गाने दिलेली छिद्रं वापरण्याऐवजी हवी तशी छिद्रं घडवता आली तर? ८ ऑक्टोबर २०२५ ला याच कामासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. धातूचे अणू हे खांब आणि कार्बनी रेणू या तुळया, अशी ही रचना. नाव मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजेच एमओएफ. काही ग्रॅम एमओएफमध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. त्यात हायड्रोजन साठवता येतो, धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडता येतो.

पुण्यात काय चाललंय?

पाषाणच्या आयसर संस्थेत रामनाथन वैद्यनाथन आणि सुजित घोष यांचे गट एमओएफवर संशोधन करतात. पण अनेक एमओएफ ओलाव्यात टिकत नाहीत, शिवाय ते महागही पडतात. प्रयोगशाळेतल्या ग्रॅमपासून कारखान्यातल्या टनापर्यंत जाणं, हीच खरी अडचण आहे.

त्यामुळे 'आता प्रदूषण संपलं' असे फॉरवर्ड आले तर जरा थांबा. २०२१ ने दाखवून दिलं की शास्त्र माहीत असणं पुरेसं नसतं. तो पदार्थ वेळेवर, हवा तेवढा आणि आपल्याच देशात बनवता यायला हवा. नाहीतर दगड आपल्या डोंगरात आणि झिओलाइट मात्र परदेशातून!